मॅनेजर बदलून प्रकल्प सुधारत नाही

संगणकाच्या कंत्राटी कामात काही वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, अमुक प्रकल्प का फसला, तर उत्तर ठरलेलं असतं: मॅनेजरला काही कळत नव्हतं. हिंजवडीत एका कंपनीच्या पगारावर राहून दुसऱ्याच कंपनीचं काम करणारा अभियंता हे सांगतो. वाशिम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या किन्हीराजासारख्या गावी ग्रामपंचायतीच्या आपले सरकार सेवा केंद्रात बसणारा संगणक परिचालकही तेच सांगतो. त्याच्या तोंडी ‘मॅनेजर’ऐवजी ‘वरचे साहेब’ असतात, इतकंच. दोघांच्या पगारात, राहणीत मोठं अंतर आहे. पण दोघंही कंत्राटी, दोघांचंही काम पडद्यावरचं, आणि दोघांनाही खात्री आहे की वर एखादा जाणता माणूस असता तर सगळं सुरळीत झालं असतं.

ही खात्री मला चुकीची वाटते. तक्रार खरी आहे, सोसलेला त्रास खरा आहे. पण रोगाचं निदान चुकलं आहे, आणि चुकलेल्या निदानाची किंमत मॅनेजरपेक्षा कंत्राटी माणसालाच जास्त मोजावी लागते. म्हणून हा वाद नीट घालायला हवा.

आपल्याकडे खंडनाआधी पूर्वपक्ष मांडायची रीत आहे, आणि तो असा मांडावा की समोरच्यानं म्हणावं, हो, माझं म्हणणं हेच. तर पूर्वपक्ष असा. प्रोजेक्ट मॅनेजर स्वतः आज्ञावली लिहीत नाही, बऱ्याचदा कधी लिहिलेलीही नसते. त्यामुळे तीन आठवड्यांचं काम तो ग्राहकासमोर एका आठवड्यात कबूल करून येतो. रोज सकाळच्या कॉलवर ‘किती टक्के झालं’ विचारतो, पण सत्तर टक्के झालं म्हणजे नेमकं काय झालं हे त्याला उमगत नाही. गरज बदलली की तोंडी सांगतो, चूक निघाली की मेलवर जाब विचारतो. काम लांबलं की कंत्राटी माणसाची मुदत संपते आणि मॅनेजरला पुढचा प्रकल्प मिळतो. या म्हणण्याला शास्त्राचा आधारही दिला जातो. लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांनी १९६९ मध्ये ‘द पीटर प्रिन्सिपल’ या पुस्तकात मांडलं की संस्थेच्या उतरंडीत माणूस बढती घेत घेत अशा पदावर पोचतो जिथे तो अकार्यक्षम ठरतो, आणि मग तिथेच राहतो. उत्तम प्रोग्रॅमरचा सुमार मॅनेजर होतो, तो असा. तेव्हा उपाय सरळ आहे: तांत्रिक ज्ञान असलेला मॅनेजर नेमा, नालायक असेल त्याला काढा.

यातलं प्रत्येक निरीक्षण मला मान्य आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही.

पहिली गोष्ट तांत्रिक ज्ञानाची. फ्रेडरिक ब्रूक्स यांच्याहून जाणता प्रकल्पप्रमुख शोधणं कठीण. हार्वर्डचे पीएचडी, आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकमालिकेचे प्रमुख, पुढे १९९९ च्या ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी. ओएस/३६० या कार्यप्रणालीचं काम त्यांच्या हाताखाली झालं. तरीही ती उशिरा आली, ठरवल्यापेक्षा जास्त स्मृती व्यापून बसली आणि खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. त्या अनुभवातून त्यांनी १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ लिहिलं. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसं घातली तर त्याला आणखी उशीर होतो, हा त्यातला निष्कर्ष आज प्रत्येक मॅनेजर ऐकून असतो आणि तरीही माणसं घालतच राहतो. ज्ञान कमी पडतं म्हणून प्रकल्प फसत असते तर हा प्रकल्प फसायला नको होता, आणि ते पुस्तक छापून झाल्यावर तर जगात एकही फसायला नको होता.

आता उलट बाजू पाहा. महाराष्ट्रातल्या सुमारे अडीच कोटी सातबाऱ्यांचं संगणकीकरण हा आपल्या राज्यातला सर्वांत किचकट प्रकल्पांपैकी एक. आज्ञावली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं, म्हणजे एनआयसीनं, लिहिली. समन्वय मात्र महसूल खात्यातल्या उपजिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे होता. हा माणूस प्रोग्रॅमर नव्हे. त्याला ठाऊक होतं ते फेरफार कसा धरतात, नोंद कुठे अडते, आणेवारीचा घोळ कसा होतो, तलाठी कुठे चुकतो आणि कुठे मुद्दाम चुकतो. २०१७ मध्ये या प्रकल्पात चावडी वाचन झालं: संगणकावर टंकलेला सातबारा गावच्या चावडीवर मोठ्यानं वाचायचा, हस्तलिखिताशी ताडून पाहायचा, ज्याची जमीन त्यानं उभं राहून सांगायचं की माझ्या विहिरीची नोंद गळली, माझ्या चुलत्याचं नाव दोनदा आलं. मोठमोठ्या कंपन्या वापरणाऱ्याकडून चाचणी करून घेण्यासाठी वेगळं पथक नेमतात. इथे अख्खं गाव चाचणीला बसलं होतं. १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा खुला झाला. हे सुखासुखी घडलं नाही. सर्व्हर दिवसा चालेना म्हणून तलाठी रात्री जागले, संघटना चिडल्या. पण प्रकल्प उभा राहिला, आणि तो उभा करणाऱ्याला कोडची एक ओळ लिहिता येणं गरजेचं ठरलं नाही.

म्हणजे जाणत्या माणसाच्या हातून काम फसू शकतं आणि प्रोग्रॅमिंग न येणाऱ्याच्या हातून उभं राहू शकतं. मग फरक पडतो कशानं? माझं उत्तर असं: काम कोण करतो, निर्णय कोण घेतो आणि पैसे कोण मोजतो, या तिघांमध्ये किती अंतर आहे त्यानं. अंतर वाढलं की मधल्या जागी कुणालाही बसवा, तो अकार्यक्षमच दिसेल.

याचा पुरावा आपल्याच राज्यात, शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोचलेल्या दोन योजनांत आहे.

२०१७ च्या जूनमध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. दीड लाखापर्यंतची कर्जमाफी, ३४,०२२ कोटींचा आकडा, ८९ लाख शेतकऱ्यांना लाभ मिळेल असा दावा. अर्ज ऑनलाइन भरायचा, तोही पती-पत्नीच्या माहितीसह, आधार जोडून, अंगठा देऊन. हे काम पडलं सेवा केंद्रांवर. किन्हीराजासारख्या गावातलं त्या ऑगस्टचं चित्र डोळ्यांसमोर आणा. सोयाबीन शेंगेवर यायला लागलेलं, फवारणीचे दिवस, आणि बाप्ये-बाया ग्रामपंचायतीच्या ओट्यावर कागदांच्या पिशव्या घेऊन बसलेले. जन्मभर विळा आणि डवरा धरलेल्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या, यंत्र अंगठा घेत नाही. म्हातारा विचारतो, “भाऊ, माहा अंगठा काहून नाई घेत हे?” आणि परिचालक म्हणतो, “काका, सर्व्हर बसलं. राती या.” रात्री अकरानंतर थोडी वाट मोकळी होई, तेव्हा चार-दोन अर्ज पुढे सरकत. बायकोच्या आधारवर माहेरचं नाव, बँकेच्या पासबुकावर तिसरंच काही. पडदा एवढंच सांगे की माहिती जुळत नाही. का जुळत नाही, हे सांगायची सोय त्यात नव्हती, आणि विचारायचं कुणाला हेही परिचालकाला ठाऊक नव्हतं. अर्जाची मुदत वाढवत २२ सप्टेंबरपर्यंत नेली गेली.

त्याच वेळी बँकांकडून कर्जखात्यांची ६६ रकान्यांची माहिती मागवलेली होती. वाशिमसाठी यात मोठा वाटा अकोला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा, कारण जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला तरी सहकारी बँक अकोल्याचीच राहिली. म्हणजे एकाच कर्जाची माहिती दोन दिशांनी वर चालली होती, शेतकऱ्याकडून एक आणि बँकेकडून दुसरी, आणि दोन्ही जुळल्या तरच पैसे. १८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रं वाटली गेली. मग कळलं की याद्यांत घोळ आहे, एकच आधार क्रमांक अनेकांच्या नावापुढे आहे. वाटप थांबलं, फेरतपासणी सुरू झाली, माहिती जुळलेल्यांच्या हिरव्या आणि न जुळलेल्यांच्या पिवळ्या याद्या आल्या.

त्या वेळी सगळीकडे एकच बोलणं होतं: आयटीवाल्यांना काही येत नाही. माहिती-तंत्रज्ञान विभागाची सूत्रं दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेली. पूर्वपक्षाचा उपाय झाला, माणूस बदलला. पण याद्या जुळवायचं काम पुढचं वर्षभर चाललंच, आणि अर्जाची खिडकी २०१८ मध्ये पुन्हा उघडावी लागली. दोन दिशांनी आलेली माहिती जुळवायची हा बेत तसाच होता. नवा अधिकारी तो मुळातून बदलणार कसा?

दोन वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये, महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली. दोन लाखांपर्यंतचं थकीत पीककर्ज. राज्य तेच, बँका त्याच, सेवा केंद्रं तीच, परिचालकही बहुतेक तेच. बेत मात्र वेगळा. शेतकऱ्यानं अर्जच भरायचा नाही. कर्जाची माहिती बँकेकडे आहे, तर बँकेनंच द्यायची. आधार जोडलेलं नसेल तर आधी जोडून घ्यायचं. यादी गावात लागल्यावर शेतकऱ्यानं त्यातला आपला विशिष्ट क्रमांक घेऊन केंद्रात यायचं, रक्कम पाहायची, पटली तर अंगठा द्यायचा, नाही पटली तर तक्रार नोंदवायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, २४ फेब्रुवारी २०२० ची पहिली यादी प्रत्येक जिल्ह्यातल्या फक्त दोन गावांची होती. आधी थोडं चालवून पाहिलं, मग राज्यभर नेलं. ही योजना निर्दोष होती असं मी म्हणत नाही. दोन लाखांवरचे कर्जदार बाहेर राहिले, नियमित फेडणारे रुसले, करोनामुळे काम रेंगाळलं. त्यातलं बरंचसं धोरणाचं आहे. पण केंद्रातल्या परिचालकाला २०१७ सारखे दिवस आले नाहीत. तो दोन वर्षांत हुशार झाला नव्हता, आणि त्याच्या वरचा तालुका व्यवस्थापकही नव्हता.

इथे माझ्याविरुद्ध एक उदाहरण दिलं जाईल, ते मीच देतो. मुंबई विद्यापीठानं २०१७ च्या उन्हाळ्यात, परीक्षांचा हंगाम सुरू असताना, उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. लाखो उत्तरपत्रिका स्कॅन व्हायच्या, प्राध्यापकांना शिकवायचं, आणि निकाल नियमाप्रमाणे ४५ दिवसांत लावायचे. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, मुलांचे परदेशातले प्रवेश अडकले, आणि २४ ऑक्टोबरला कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. ही तर सरळसरळ एका माणसाची चूक, असं पूर्वपक्ष म्हणेल. चूक त्यांची होतीच. पण एक माणूस ऐन परीक्षांच्या हंगामात असा निर्णय घेतो आणि तो अमलात येतो, म्हणजे खाली कुणालाही ‘थांबा’ म्हणायचा अधिकार नव्हता. पेपर तपासणाऱ्या प्राध्यापकाला नाही, स्कॅन करणाऱ्या कंत्राटी कामगाराला तर नाहीच. तो अधिकार असता तर अशा निर्णयाची धाव पहिल्याच आठवड्यात संपली असती.

आता किन्हीराजाच्या खुर्चीकडे परत येतो, कारण मधलं अंतर किती असू शकतं हे तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं. २०११ मध्ये ग्रामपंचायतींच्या संगणकीकरणाचा ‘संग्राम’ प्रकल्प सुरू झाला. तो महाऑनलाइन या, राज्य सरकार आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या संयुक्त कंपनीकडे होता. २०१५ अखेर तो संपला. २०१६ मध्ये आपले सरकार सेवा केंद्र म्हणून तेच काम केंद्र सरकारनं उभ्या केलेल्या सीएससी कंपनीकडे गेलं. ग्रामपंचायतीनं वित्त आयोगाच्या निधीतून दरमहा १२,३३१ रुपये द्यायचे, त्यातून परिचालकाच्या हाती सुरुवातीला सहा हजार, बाकीचे आज्ञावली, स्टेशनरी, प्रशिक्षण आणि व्यवस्थापनाचे. परिचालकानं करायचं काय? ग्रामपंचायतीचे नमुना १ ते ३३ आज्ञावलीत भरायचे: नमुना ५ ची रोकड वही, ८ ची कर आकारणी, ९ ची मागणी. शिवाय दाखले, शिवाय वरून येईल त्या योजनेचे अर्ज.

या माणसाचा मॅनेजर कोण? हजेरीवर सही ग्रामसेवकाची. उद्दिष्ट तालुका व्यवस्थापकाचं. मानधन कंपनीचं. पैसा सरपंचाच्या ग्रामपंचायतीचा, पण तो जिल्हा परिषदेमार्फत वर जाणारा. योजनेचा निर्णय मंत्रालयातला. यातल्या ग्रामसेवकाला आज्ञावली बदलता येत नाही, सरपंचाला पैसे रोखता येत नाहीत. तालुका व्यवस्थापक स्वतःच कंत्राटी. त्याची नोकरी आकडे वर कळवण्यावर टिकलेली, तो ‘हे होणार नाही’ असं लिहून पाठवेल कसा? कंपनी म्हणते, विभागानं सांगितलं तसं केलं. विभाग म्हणतो, कंपनीला कंत्राट दिलंय. मेल्व्हिन कॉन्वे यांनी १९६८ मध्ये लिहिलं होतं की कोणतीही संस्था जी प्रणाली घडवते तिची रचना त्या संस्थेतल्या आपसांतल्या संवादाच्या रचनेसारखीच होते. पाच ठिकाणी तुटलेल्या संवादातून पाच ठिकाणी अडणारी आज्ञावली निघाली, यात आश्चर्य काय? आणि हिंजवडीतली साखळी याहून वेगळी नाही. परदेशी ग्राहक, मुख्य कंपनी, उपकंत्राटदार, माणसं पुरवणारी एजन्सी, आणि टोकाला काम करणारा. त्याच्या समोरचा मॅनेजर बहुतेक वेळा दुसऱ्याने ठरवलेली तारीख फक्त वाचून दाखवत असतो.

मग काय, मॅनेजर निर्दोष? मुळीच नाही. इथेच पूर्वपक्ष मला फार सौम्य वाटतो. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसनं १९९९ पासून फुजित्सूची ‘होरायझन’ ही हिशेबाची प्रणाली खेड्यापाड्यांतल्या उपडाकपालांना दिली. हे उपडाकपाल पोस्टाचे नोकर नव्हते. करारावर काम करणारे, आणि हिशेबात तूट आली तर खिशातून भरायची, असा करार. प्रणाली चुकीची तूट दाखवू लागली. त्यांनी मदतकेंद्राला फोन केले, तर अनेकांना सांगण्यात आलं की अशी तक्रार फक्त तुमचीच आहे. पोस्टानं सातशेहून अधिक जणांवर खटले भरले, काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं प्रणालीत दोष असल्याचं मान्य केलं, आणि २०२४ मध्ये संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. तिथल्या मॅनेजरांना संगणक कळत नव्हता म्हणून हे झालं नाही. दोषाच्या नोंदी कंपनीत होत्या. वर त्या दाबल्या गेल्या. अज्ञान शिकवून जातं, लबाडी जात नाही. जो मॅनेजर खालून आलेली ‘हे चालत नाही’ ही नोंद वर जाऊ देत नाही, त्याला अकार्यक्षम म्हणणं म्हणजे त्याला सवलत देणं आहे. आणि त्याच एका शिक्क्याखाली वर दटावला जाणारा, खाली शिव्या खाणारा प्रामाणिक व्यवस्थापकही चिरडला जातो.

म्हणून माझं मंडन असं. काम पूर्ण झालं की नाही हे जिथे ते वापरलं जातं तिथे ठरावं. चावडी वाचनानं हे शक्य असल्याचं दाखवलं आहे. नवं काहीही राज्यभर नेण्याआधी जिल्ह्यातल्या दोन गावांत चालवून पाहावं, आणि त्या गावच्या परिचालकाच्या सहीशिवाय पुढे नेऊ नये. गरज बदलली तर बदलणाऱ्याच्या नावानं आणि तारखेनं लेखी यावी. दोषांची नोंदवही सगळ्या परिचालकांना दिसेल अशी उघडी असावी, म्हणजे ‘तक्रार फक्त तुमचीच’ असं कुणाला सांगता येणार नाही. आणि ग्रामपंचायत पैसे मोजते, तर सेवा बंद असलेल्या दिवसांचे पैसे कापायचा अधिकार तिचा असावा. यातल्या एकाही गोष्टीसाठी विद्वान मॅनेजर लागत नाही. करारात चार-पाच कलमं लागतात.

संगणक परिचालकांच्या संघटनांनी नागपूरच्या अधिवेशनांवर आणि आझाद मैदानात कर्मचाऱ्याचा दर्जा आणि किमान वेतन मागितलं, ते योग्यच आहे आणि ते मिळायलाच हवं. त्या मागण्यांच्या निवेदनात ही कलमंही घाला, एवढं माझं त्यांना आणि हिंजवडीतल्या त्यांच्या भावंडांना सांगणं आहे. पुढचा प्रकल्प अडेल तेव्हा मॅनेजरची पदवी विचारू नका. कार्यादेशाची प्रत मागा, त्यात स्वीकृतीचं कलम शोधा, आणि ‘हे चालत नाही’ हे त्याच दिवशी लेखी कळवून पोच घ्या.